दुसऱ्याच्या मनाची ठेव

कोकणात एखाद्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असं म्हणायचं असलं, की लोक म्हणतात, ‘याला रत्नागिरीला पाठवा.’ पुण्याकडे हेच येरवड्याच्या नावाने म्हणतात, मुंबईकडे ठाण्याच्या. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ साली सुरू झालं. त्याच वर्षी ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा यालाही इंग्रजांनी याच गावात आणून ठेवलं. रुग्ण काय आणि राजा काय, दोघांवरची सत्ता उघड दिसणारी होती. भिंत होती, दार होतं, दारावर पहारा होता. आतल्याला आपण आत आहोत हे कळत होतं आणि बाहेरच्यालाही.

मानसिक उपचारांमधल्या अन्यायाचा विचार आपण अजून याच चित्रातून करतो. साखळदंड, कोंडून ठेवणं, विजेचे झटके. कायद्यानेही या गोष्टींना हात घातला. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८पासून लागू झाला. त्याने रुग्णाला साखळीने बांधायला आणि भूल न देता शॉक द्यायला साफ मनाई केली. हे व्हायलाच हवं होतं. पण ज्या सत्तेला भिंत लागत नाही आणि कुलूपही लागत नाही, तिचं काय करायचं? दोन खुर्च्या, बंद दार आणि तासभर वेळ. किंवा तेवढंही नाही, नुसता फोन आणि कानात इअरफोन.

समजा, रत्नागिरीत राहणारी बावीस वर्षांची एक मुलगी आहे. रात्र रात्र झोप नाही, अभ्यासात लक्ष नाही, मरणाचे विचार येतात. मारुती मंदिराजवळच्या एखाद्या डॉक्टरच्या पायऱ्या चढताना कुणी पाहिलं तर संध्याकाळच्या आत घरी कळेल, याची तिला धास्ती आहे. मग ती फोनवर कुणीतरी शोधते. गोड बोलणारा, समजून घेणारा, नावापुढे चार अक्षरं लावणारा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं मधे न तोडता ऐकतं. बहुतेक वेळा इथून तिची तब्येत सुधारायला लागते. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी मदत घ्यायचं टाळू नये. पण कधीकधी इथूनच दुसरी गोष्ट सुरू होते.

जानेवारी २०२५मध्ये नागपूरच्या हुडकेश्वर पोलिसांनी एका सत्तेचाळीस वर्षांच्या मानसशास्त्रज्ञाला अटक केली. विद्यार्थिनींचा आत्मविश्वास वाढवतो, व्यक्तिमत्त्व घडवतो असं सांगून तो समुपदेशन करायचा, निवासी शिबिरं घ्यायचा. त्या काळात मुलींचं लैंगिक शोषण केलं, फोटो काढले आणि पुढे त्यांच्या जोरावर त्यांना धमकावत राहिला, असा आरोप आहे. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे हे सुमारे पंधरा वर्षं चाललं होतं आणि बळी पडलेल्यांची संख्या पन्नासच्या वर असावी. एका माजी विद्यार्थिनीने हिंमत करून तक्रार दिली तेव्हा हे बाहेर आलं. अनेकींची तोवर लग्नं झाली होती, त्यामुळे पुढे येणं आणखी अवघड होतं.

आरोपांचा निकाल न्यायालय लावेल. पण अशी बातमी आली की दोन प्रश्न ठरलेले असतात. एक, ‘इतकी वर्षं गप्प का बसल्या?’ आणि दुसरा, जरा हळू आवाजात, ‘त्यातल्या सज्ञान होत्या त्यांचं काय? त्यांनी हो म्हटलंच असेल ना?’ हा दुसरा प्रश्न ऐकायला ओंगळ वाटतो, म्हणून आपण तो झटकून टाकतो. झटकू नये, असं मला वाटतं. समजा धमकी नाही, फोटो नाहीत, वय अठराच्या वर आहे आणि क्लायंटने खरोखरच हो म्हटलं आहे. तरीही हे चूक आहे का? असेल तर नेमकं कशामुळे?

याचं उत्तर थेरपीत आपण काय देतो, यात आहे. आपण पैसे देतो, वेळ देतो, आपली गुपितं देतो. पण याहून मोठी एक गोष्ट देतो, आणि ती देताना आपल्या लक्षातही येत नाही. आपला तराजू देतो. माणूस थेरपिस्टकडे जातो तेव्हा बरेचदा म्हणत असतो की मला वाटतं ते खरं आहे का, हेच मला आता कळेनासं झालंय. मी आळशी आहे की आजारी? नवरा वाईट वागतो की मीच जास्त मनाला लावून घेते? माझी भीती खरी आहे की मनाचे खेळ? ज्या काट्यावर रोज बरं-वाईट तोलायचं, तोच काटा बिघडलाय असं वाटतं, म्हणून तो दुरुस्तीला दिलेला असतो. थेरपिस्टकडे असते ती आपली ठेव. ते दान नसतं.

आणि ठेवीचा नियम आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. सोनाराकडे पाटल्या डागायला दिल्या, तर त्या त्याने आपल्या बायकोला लग्नात घालायला द्यायच्या नसतात. भले नंतर गिऱ्हाईक म्हणालं, असू दे. इथे तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. ‘असू दे’ म्हणायचं की नाही, हे ज्याच्यावर तोलायचं तो काटाच सोनाराच्या दुकानात आहे.

म्हणून थेरपिस्टचं नियंत्रण इतर दंडेलीपेक्षा वेगळं असतं. दांडगट नवरा किंवा मुजोर साहेब तुमच्या ‘नाही’कडे दुर्लक्ष करतो. पण तुमचं ‘नाही’ तुमच्यापाशी राहतं. मनातल्या मनात तुम्ही म्हणू शकता की हा माणूस चुकतोय. शोषण करणारा थेरपिस्ट तुमच्या ‘नाही’चा अर्थच बदलून टाकतो. ‘तुला माझ्याजवळ अवघडल्यासारखं होतंय, कारण तुझे वडील तसे होते.’ ‘तुला सेशन बंद करावंसं वाटतंय, म्हणजे आपण दुखऱ्या जागेपाशी आलोय.’ ‘मैत्रीण माझ्याविरुद्ध बोलते? तिला तुझी प्रगती बघवत नाही.’ यातलं प्रत्येक वाक्य चांगला थेरपिस्टही कधीतरी प्रामाणिकपणे बोलू शकतो, आणि ते खरंही असू शकतं. पण विरोधाची प्रत्येक खूण आजाराचं लक्षण ठरायला लागली, की बाहेर पडायला दारच उरत नाही. हो म्हटलं तर सुधारणा, नाही म्हटलं तर लक्षण.

शोषण म्हटलं की आपल्याला शरीरच आठवतं. न्यूयॉर्कमधल्या एका प्रकरणात तसं काहीच नव्हतं. मार्टी मार्कोविट्झ हा कापडाच्या घरच्या धंद्याचा मालक. आईवडील गेल्यावर खचला आणि १९८१मध्ये डॉ. आयझॅक हर्शकॉफ या मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लागला. उपचार जवळजवळ तीस वर्षं चालले. त्या काळात तो बहिणीपासून तुटला. डॉक्टर त्याच्या धंद्यात शिरले. समुद्राकाठच्या त्याच्या बंगल्यावर डॉक्टर यजमान होऊन मेजवान्या द्यायचे आणि घराचा खरा मालक नोकरासारखा राबायचा. २०१०च्या सुमारास मार्टीचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी साधी चौकशीही केली नाही. तिथे त्याचे डोळे उघडले. त्याने तक्रार केली आणि २०२१मध्ये डॉक्टरांचा परवाना रद्द झाला. या प्रकरणावर ‘द श्रिंक नेक्स्ट डोअर’ नावाचं पॉडकास्ट आलं, मग त्याच नावाची मालिका. तुमच्यातल्या काहींनी ती पाहिलीही असेल.

त्यात अंगावर येणारा असा एकही क्षण नाही, ज्याला बोट लावून म्हणावं, गुन्हा इथे झाला. बहिणीशी अंतर ठेव, हा सल्ला असतो. धंद्यात मी लक्ष घालतो, ही मदत असते. प्रत्येक पाऊल एवढंसं, आणि प्रत्येक पावलाला मार्टीची संमती. तीस वर्षांनी मागे वळून पाहावं तर माणूस स्वतःच्याच घरात पाहुणा.

असली माणसं मुळातच भोळसट असणार, असं वाटत असेल तर आणखी एक नाव सांगतो. विन गॉडली हे इंग्लंडमधले मोठे अर्थतज्ज्ञ, सरकारी अर्थखात्यात काम केलेले, नंतर केंब्रिजला प्राध्यापक. त्यांचे मनोविश्लेषक होते पंजाबात जन्मलेले आणि लंडनमध्ये नावाजलेले मसूद खान. उपचारांच्या वेळात खान स्वतःच्याच गोष्टी सांगत बसत, दुसऱ्या पेशंटांबद्दल बोलत, दोन्ही घरांचं एकमेकांकडे येणंजाणं सुरू झालं. गॉडलींनी हे सगळं २००१मध्ये लिहिलं, घडून गेल्यावर कित्येक वर्षांनी. देशाचा जमाखर्च ज्याला कळायचा, त्यालाही या खोलीतला हिशेब वेळेवर लागला नाही. हुशारी इथे कामाला येत नाही, कारण हुशारी ज्या पायावर उभी असते तो पायाच दुसऱ्याच्या हातात दिलेला असतो.

आता शोषण करणाऱ्यांचा आवडता बचाव बघू. ‘आमचं नातं बदललं होतं. मी तेव्हा तिचा थेरपिस्ट उरलो नव्हतो.’ हा बचाव या शास्त्राइतकाच जुना आहे. १९०४मध्ये सबिना श्पीलराइन नावाची तरुण रशियन मुलगी झुरिकच्या रुग्णालयात कार्ल युंग यांची पेशंट होती. पुढे दोघं एकमेकांत गुंतले. मुलीच्या आईपर्यंत गोष्ट गेली, तेव्हा युंगनी आईला लिहिलेल्या पत्रातला युक्तिवाद आजही थक्क करतो. आपण तिच्याकडून फी घेत नव्हतो, म्हणून डॉक्टरचा मित्र होणं सोपं गेलं, आणि तुम्हाला मर्यादा पाळायला हवी असेल तर फी ठरवा, असा त्याचा आशय होता. म्हणजे मर्यादा पैशाने विकत घ्यायची वस्तू झाली. श्पीलराइन पुढे स्वतः नावाजलेली मनोविश्लेषक झाली, पण तिचे कागद सापडायला १९७७ उजाडावं लागलं. तोवर ही कहाणी दुसऱ्यांच्या बाजूनेच सांगितली गेली.

१९१५मध्ये फ्रॉइडने यावर एक लेख लिहिला. त्याचं सांगणं थोडक्यात असं, की पेशंटला डॉक्टरबद्दल जे प्रेम वाटतं ते उपचारांच्या परिस्थितीतून उपजतं. ते आपल्या देखणेपणाचं किंवा मोठेपणाचं फळ आहे, असं डॉक्टरने समजू नये. ज्या माणसाने पहिल्यांदा आपलं ऐकून घेतलं, त्याच्यावर जीव जडणं स्वाभाविक आहे. त्यात पेशंटचं काही चुकत नाही. ते प्रेमही ठेवीचाच भाग आहे, आणि त्याला हात न लावणं हे डॉक्टरचं काम आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. मानसिक त्रास असलेल्या माणसाची संमती खरी नाही असं म्हटलं, तर आपण त्याला पुन्हा ‘वेडा’ ठरवत नाही का? शंभर वर्षं हेच तर झालं. ‘तिला काय कळतंय’ म्हणत बायकांना भिंतीआड टाकलं गेलं. २०१७च्या कायद्याचं मोठेपण हेच आहे, की मानसिक आजार असला तरी माणूस स्वतःच्या उपचारांचा निर्णय घेऊ शकतो, हे त्याने मान्य केलं. पुढे आजार बळावला तर मला कसं वागवावं, हे आधीच लिहून ठेवायचा हक्कही दिला. मग आपण एका हाताने निर्णयाचा हक्क द्यायचा आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचा?

मला वाटतं, गफलत बंधन कुणावर आहे हे न बघितल्यामुळे होते. न्यायाधीशाला पक्षकाराकडून भेट घेता येत नाही. याचा अर्थ पक्षकाराला अक्कल नाही, असा होतो का? भेट देणारा पूर्ण शुद्धीत असेल, मनापासून देत असेल. तरी घेणाऱ्याने ती घ्यायची नाही, कारण तो त्या खुर्चीत बसलेला आहे. थेरपीतही तेच आहे. क्लायंटची संमती खोटी असते असं म्हणायची गरज नाही. ती संमती थेरपिस्टच्या उपयोगाची नाही, एवढं म्हटलं तरी पुरतं. तिने काय म्हटलं हा प्रश्नच उठत नाही, कारण त्याने विचारायचंच नव्हतं.

आपला फौजदारी कायदाही काही अंशी असाच विचार करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६८प्रमाणे अधिकाराच्या जागी किंवा विश्वासाच्या नात्यात असलेल्या माणसाने त्या जागेचा गैरवापर करून आपल्या देखरेखीखालच्या स्त्रीला शरीरसंबंधाला प्रवृत्त केलं, तर तो बलात्कार ठरत नसला तरी गुन्हा आहे आणि त्याला पाच ते दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. पण हे कलम फक्त स्त्रीबद्दल आणि फक्त शरीरसंबंधाबद्दल आहे. कुणी आपला मार्टी केला, बहीण तोडली, घर बळकावलं, तर ते या कलमात बसणार नाही.

महाराष्ट्राला या विषयाची दुसरी बाजू चांगली माहीत आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंगात अलौकिक शक्ती आहे असं भासवून, मागच्या जन्मीचं नातं सांगून लैंगिक संबंध ठेवणं त्यात गुन्हा ठरवलं आहे. बुवाला पकडायला आपल्याकडे हत्यार आहे. पण थेरपिस्ट दैवी शक्तीचा दावा करत नाही. तो शास्त्राचं नाव घेतो. भोंदूबाबाला हसणारा शिकलेला मुलगा भिंतीवरची सर्टिफिकेटं बघून निर्धास्त होतो, आणि भाषा बदलली की ओळखीचीच गोष्ट त्याला ओळखू येत नाही. समर्पणाला आता ‘प्रोसेसवर विश्वास ठेव’ म्हणतात, एवढाच काय तो फरक.

कोकणातल्या जुन्या पद्धतीत एक गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. गाऱ्हाणं घालतात ते देवळात, चारचौघांत. एक जण बोलतो आणि जमलेले ‘होय महाराजा’ म्हणतात. त्यातून नैराश्य बरं होत नाही, आणि गावासमोर सांगता येण्यासारखंच दुःख तिथे सांगता येतं. बलात्कार झालेली मुलगी, समलिंगी मुलगा, दारूड्या बापाचं पोर यांना बंद दारच हवं. थेरपीचं औषध त्या बंद दारातच आहे, आणि विषही. तिथे साक्षीदार नसतो. छोट्या गावात ‘लोक काय म्हणतील’ ही भीती शोषण करणाऱ्याची फुकटची राखणदार होते. क्लायंट थेरपीला जाते हेच घरात माहीत नसेल, तर तिथे काय झालं हे ती कुठल्या तोंडाने सांगणार?

बंद दाराआड जाणाऱ्याने कसं वागावं, हे वैद्यकाने फार पूर्वी ओळखलं होतं. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्य होऊ पाहणाऱ्या शिष्याला बजावलं आहे, की रोग्याच्या घरात शिरल्यावर वाणी, मन आणि इंद्रियं रोग्याच्या हिताखेरीज कशाकडेही वळवू नयेत, आणि त्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत. ग्रीकांच्या हिपोक्रेटिसच्या शपथेतही तशीच वचनं आहेत. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन परंपरांना हे पहिल्याच दिवशी शिष्याकडून वदवून घ्यावंसं वाटलं, कारण मोह कुठे असतो हे दोघींना ठाऊक होतं.

मग चांगला थेरपिस्ट कसा ओळखायचा? त्याच्यावर अवलंबून राहावं लागतं, एवढ्यावरून तो वाईट ठरत नाही. पाय मोडलेला माणूस कुबडीवर रेलतोच. प्रश्न हा, की कुबडी कधीतरी सुटावी अशी इच्छा कुणाची आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातच, मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर, ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. कोल्हीकुत्री आणि माणसं यांच्यापासून वाचवायला गावकरी आणि कार्यकर्ते ती अंडी उचलून जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतात, रोज लक्ष ठेवतात. पण पिल्लं बाहेर आली की त्यांना हातात धरून पाण्यात सोडत नाहीत. वाळूवर ठेवतात, आणि समुद्रापर्यंत ती स्वतःच्या पायांनी जातात. लाटेने मागे फेकलेलं पिल्लू बघून बघ्यांचे हात शिवशिवतात. तिथे हात आवरणं हा राखणीचाच भाग आहे.

थेरपीत याची खूण साधी आहे. काही महिन्यांत तुमचं जग मोठं होतंय की लहान? जुने मित्र परत येतायत की एकेक गळतायत? थेरपिस्टच्या एखाद्या म्हणण्यावर ‘मला हे पटत नाही’ म्हटलं, तर तो त्यावर विचार करतो की तुम्हाला निदान चिकटवतो? ‘दुसऱ्या कुणाचं मत घेऊ का?’ असं विचारून पाहा. खरा थेरपिस्ट ‘जरूर घ्या’ म्हणतो. आणि ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ असं तो तुम्हाला म्हणाला, तर तिथेच थांबा. गुप्तता पाळायचं बंधन त्याच्यावर आहे. तुमच्यावर नाही. तुमची गोष्ट तुम्ही हव्या त्या माणसाला सांगू शकता.

नोंदणीही विचारावी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, मानसोपचारतज्ज्ञाची वैद्यक परिषदेकडे. इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांसारखे व्यवसाय २०२१च्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याखाली येतात. तरी नोंदणी म्हणजे सज्जनपणाचा दाखला नव्हे. हर्शकॉफ रीतसर डॉक्टर होते, खान नावाजलेले होते. नोंदणीचा उपयोग एवढाच, की काही झालं तर तक्रार कुठे करायची ते कळतं. आणि एका माणसाकडे वाईट अनुभव आला म्हणून मदतीचे सगळे रस्ते बंद झाले, असंही नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, आणि मराठीतही बोलता येतं.

राहिला पहिला प्रश्न, ‘इतकी वर्षं गप्प का बसल्या?’ उद्या तुमची एखादी मैत्रीण किंवा भाऊ असं काही सांगायला लागला, तर तुमच्याही तोंडावर पहिलं वाक्य हेच येईल: ‘मग परत परत जात का होतीस?’ तेवढं गिळून टाका. बुडालेल्या पतसंस्थेच्या दारात ठेवीदार वर्षानुवर्षं खेटे घालतात. त्यांना आपण विचारत नाही, की पुन्हा कशाला आलात. त्यांचं काहीतरी आत अडकलेलं असतं, हे आपल्याला दिसतं. तिचंही आत काहीतरी अडकलेलं होतं. तिच्याजवळ बसा आणि ती सांगतेय ते खरं धरा. ज्या काट्यावर तिने हे सगळं तोललं तो बरोबर आहे, हे त्या क्षणी तिला दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकायचं असतं.